तबकडी बदलावी की यंत्र टाकावे?

अलीकडे आमच्या सुशिक्षित वर्गात एक नवे शास्त्र रूढ होऊ पाहत आहे. त्याचा सिद्धांत एकच, आणि तो असा की, पाच-सात वर्षांहून जुनी झालेली वस्तू बिघडली असता ती दुरुस्त करवून घेणे हे दारिद्र्याचे किंवा अडाणीपणाचे लक्षण होय. हा सिद्धांत प्रथम मनगटावरील घड्याळास लागू झाला, मग रेडिओस व मिक्सरास लागू झाला. सांप्रत घरोघरच्या संगणकाची पाळी आली आहे. एके दिवशी सकाळी यंत्र चालू करावे तो काळ्या पडद्यावर दोन इंग्रजी ओळी उमटतात, आतून टक् टक् असा आवाज येतो, आणि पुढे काही होत नाही. घरातील मुलगा ते उचलून दुकानात नेतो. तेथील गृहस्थ झाकणही न उघडता विचारतात, "कोणत्या साली घेतला?" साल ऐकताच मान हलवितात व निर्णय देतात, "यात आता पैसे घालू नका, नवा घ्या." तुमसरपासून पवनीपर्यंत आणि भंडाऱ्यापासून लाखांदूरपर्यंत हा संवाद इतक्या वेळा झाला आहे की उभय पक्षांस तो पाठ झाला असावा. आमचे म्हणणे असे की, हा निर्णय बहुतेक प्रसंगी चुकीचा असतो. आणि तो देणाऱ्या दुकानदारापेक्षा, तो ऐकून मुकाट्याने खिशात हात घालणारा आमचा पदवीधर वर्ग अधिक दोषी आहे. दुकानदाराचा धंदा विकण्याचा आहे, तो आपला धंदा करितो. विचार करणे हा आपला धंदा आहे असे आम्ही म्हणवितो, तो मात्र आम्ही करीत नाही.

प्रथम बिघडले काय ते पाहू. संगणक हे एक यंत्र नसून अनेक यंत्रांचे एकत्र कुटुंब आहे. हिशेब करणारा भाग निराळा, तात्पुरते ध्यानात ठेवणारा निराळा, वीज पुरविणारा निराळा, आणि जे लिहिले ते वीज गेल्यावरही जपून ठेवणारा निराळा. या शेवटच्यास हार्ड डिस्क म्हणतात. तिच्या पोटात आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. मेजावरच्या संगणकात त्या बहुधा मिनिटास ७,२०० म्हणजे सेकंदास १२० फेरे घेतात, आणि वाचणारे-लिहिणारे टोक तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर, तिच्याच वेगाने उठणाऱ्या हवेवर तरंगत राहते. मनुष्याचा केस सुमारे ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या कारागिरीची कल्पना येईल. १९५६ साली आयबीएम कंपनीने या जातीचे पहिले यंत्र बाजारात आणले तेव्हा त्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, त्याचे वजन टनाच्या घरात होते, आणि त्यात मावत होती अवघी पन्नास लाख अक्षरे. तेथून आज तळहाताएवढ्या डबीपर्यंत मजल आली. पण मूळ रचना तीच राहिली. पंखे सोडले तर जुन्या संगणकात सतत फिरणारा, आणि म्हणून झिजणारा, असा हा एकच भाग आहे. यंत्र बनविणारांस हे पुरते ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी तो चार स्क्रूंनी बसविला आणि दोनच वायरींनी जोडला, एक विजेची व एक माहितीची. बदलता यावा म्हणूनच तो असा बसविलेला आहे. चाकाची धाव झिजली म्हणून सगळी बैलगाडी चुलीत घालणारा शेतकरी आमच्या पाहण्यात नाही. परंतु डिस्क गेली म्हणून सगळा संगणक भंगारात देणारे प्राध्यापक, वकील व डॉक्टर पुष्कळ आहेत.

हे भंडाऱ्याच्या लोकांस सांगावे लागावे याचे आम्हांस विशेष नवल वाटते. या गावाच्या नावाची एक व्युत्पत्ती 'भाण' म्हणजे पितळी भांडे या शब्दावरून सांगतात. ती कोणास मान्य असो वा नसो, पितळेच्या भांड्यांसाठी या गावाची ख्याती पिढ्यान् पिढ्या होती याविषयी दुमत नाही. घरच्या गुंडाचे बूड झिजले म्हणजे तो कारागिराकडे जाई. कारागीर नवे बूड बसवी, जोड झाळून देई, आणि तोच गुंड पुढे कित्येक वर्षे पाणी भरी. आतून हिरवट डाग धरणाऱ्या पातेल्यास कल्हईवाला दारात बसून कल्हई करून जाई. भांडे अगदीच निकामी झाले तर ते मोड म्हणून तोलून दिले जाई व मोडीचे पैसे नव्या भांड्याच्या किमतीतून वजा होत. 'मोडीत काढणे' हा शब्दप्रयोग आज आपण तुच्छतेने करितो. पण त्या मोडीतही एक न्याय होता, धातूला धातूचे मोल मिळत असे. आजचा व्यापारी जुना संगणक 'एक्स्चेंज'मध्ये घेतो तेव्हा आतील चांगली रॅम, चांगला प्रोसेसर, चांगला वीजपुरवठा हे सर्व पत्र्याच्या भावाने घेतो, आणि वर आपणच उपकार केल्यासारखे हसतो. जुन्या कासाराने असा व्यवहार केला असता तर आमच्या आज्यांनी त्यास ओसरीवर उभे राहू दिले नसते.

आता प्रतिपक्षाचे आक्षेप क्रमाने घेऊ. क्रम मात्र आम्हांस सोयीचा तो.

जुन्या यंत्राला आता डिस्क मिळत नाही, असे पुष्कळ जण सांगतात. वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या यंत्रांपुरते हे अंशतः खरे आहे. त्या काळी रुंद पट्टीसारखी 'आयडीई' वायर असे. त्या जातीच्या डिस्का आता बनत नाहीत, जोडणीस मधला अॅडॅप्टर लागतो, आणि त्यांतील कित्येक मदरबोर्ड १३७ जीबीच्या पलीकडे डिस्क ओळखतच नाहीत. अशा यंत्रासाठी कोणी हट्ट धरला तर त्याच्या चिकाटीचे कौतुक करून आम्ही गप्प बसू. पण २००३ सालाच्या सुमारास 'साटा' ही बारीक वायर आली, आणि पुढील चार-पाच वर्षांत तिने जुनीस हद्दपार केले. आज ज्या यंत्रांविषयी वाद आहे ती बहुतेक २००८ ते २०१७ या काळातील, म्हणजे साटाच्या राज्यातीलच आहेत. या साटाचा गुण असा की, आजच्या बाजारात मिळणारी एसएसडी पंधरा वर्षांपूर्वीच्या खोबणीतही बिनतक्रार बसते. खोबण जुनी म्हणून वेग थोडा कमी मिळतो इतकेच: पहिल्या पिढीत सेकंदास सुमारे १५० एमबी, दुसरीत ३००, तिसरीत ६००. आता यावर कोणी म्हणेल की, मग पूर्ण वेग मिळत नाही तर उपयोग काय? या महाशयांनी एवढेच पाहावे की, फिरत्या तबकडीवरची एक नोंद शोधण्यास टोकाला दहा-बारा मिलिसेकंद लागतात. एसएसडीत काही फिरत नाही, तेथे हेच काम त्याच्या शंभराव्या हिश्श्यात होते. विंडोज उघडताना अशा हजारो नोंदी शोधाव्या लागतात. ज्या यंत्रास 'म्हातारे झाले, संथ झाले' म्हणून आपण कित्येक वर्षे नावे ठेविली त्यातील हिशेब करणारा भाग संथ झालाच नव्हता, तो बिचारा तबकडीची वाट पाहत बसला होता. सबब डिस्क जाणे ही जुन्या संगणकाच्या आयुष्यातील कित्येकदा सर्वांत हितकारक घटना ठरते, कारण तिच्यामुळे मालकास नाइलाजाने का होईना शहाणपणाची खरेदी करावी लागते.

दुकानात याविषयी जे गूढ माजविले जाते ते बव्हंशी तीन-चार क्षुल्लक गोष्टींचे असते. अडीच इंची एसएसडी साडेतीन इंची जागेत बसत नाही असे सांगतात. तिला थोड्या रुपयांची पत्र्याची चौकट मिळते, आणि न मिळाली तरी जीत काही हलत नाही अशी वस्तू आत कोठेही नीट बांधून ठेविता येते. दोन टीबीहून मोठी डिस्क जुन्या बायॉसवरून सुरू होत नाही हे खरे. पण घरच्या पत्रव्यवहारास दोन टीबी कोणास लागतात? बायॉसमध्ये 'एएचसीआय' व 'आयडीई' असे दोन मार्ग असतात. पहिल्या मार्गावर ठेवून विंडोज एक्सपी घालू गेल्यास निळा पडदा येतो व मदरबोर्ड गेला असा पुकारा होतो, वस्तुतः एक शब्द बदलून काम भागते. तसेच मदरबोर्डावरील नाण्याएवढा सेल संपलेला असला की दर वेळी तारीख मागे जाते, आणि तारीख चुकीची म्हणून बँकेची वा विद्यापीठाची पाने उघडत नाहीत. मग त्याचा दोष नव्या डिस्कवर येतो. झाकण उघडलेच आहे तर हा सेलही बदलून घ्यावा. याहून अधिक विद्या या कामास लागत नाही. बी.एस्सी.च्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास एका दुपारी ती शिकविता येते.

आम्ही सरसकट सर्व जुन्या यंत्रांची वकिली करीत आहोत असा ग्रह मात्र होऊ नये. मदरबोर्डावरचे कपॅसिटर फुगून त्यांची टोपणे वर आली असतील, किंवा रॅम एक जीबीहून वाढण्यासारखी नसेल, तर डिस्कवर खर्च करू नये. मेलेल्या म्हशीस पेंड घालण्याचा उपदेश आमचा नाही. म्हैस मेली आहे की तिच्या गळ्यातील घंटा तुटली आहे, एवढे आधी पाहा, इतकेच आम्ही म्हणतो.

आता दुसरा आक्षेप, जो अधिक वजनदार आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल बंद केली. विंडोज ११ ला 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षा-चिप व साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. तेव्हा जुन्या यंत्रात नवी डिस्क घालून त्यावर घालायचे काय, असा हा प्रश्न आहे. प्रश्न योग्य आहे, पण त्याचे उत्तर 'नवे यंत्र' हेच एक असे कोणी ठरविले? अमेरिकेतील एका कंपनीने एका तारखेस एक फाटक लाविले, आणि त्या दिवशी साकोलीच्या एखाद्या शिक्षकाच्या घरातील चांगला चालता संगणक आपोआप निकामी झाला, हे तर्कशास्त्र आम्हांस उमजत नाही. यंत्राच्या एकाही भागात त्या रात्री काही बिघडले नव्हते. ज्यांस विंडोजवाचून चालत नाही त्यांच्यासाठी खुद्द कंपनीनेच घरगुती वापराकरिता एक वर्षाची वाढीव सुरक्षा देऊ केली होती. ज्यांस चालते, आणि पत्रे लिहिणे, पुस्तके वाचणे, व्याख्याने पाहणे एवढ्यासाठी बहुतेकांस चालते, त्यांच्यापुढे लिनक्स आहे. ते फुकट आहे, त्यात मराठी उमटते, आणि दहा-बारा वर्षांच्या यंत्रावर ते बरे चालते. हा केवळ हौशी लोकांचा छंद नव्हे. केरळने २००१ साली 'आयटी अॅट स्कूल' ही योजना काढली, तिचीच २०१७ मध्ये 'काइट' ही सरकारी कंपनी झाली, आणि तेथील सरकारी शाळांतून मुक्त प्रणालीवर मुले शिकत आहेत. त्यांची बुद्धी त्यामुळे खुंटली असे ऐकिवात नाही. आमच्याकडे त्याच २००१ साली एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याने गावोगावी संगणकाची भीती घालविली, हे त्याचे उपकार आम्ही विसरत नाही. पण त्या लाटेत आमच्या दोन पिढ्यांची अशी समजूत झाली की, पडद्यावर खिडक्यांचे ते एकच चित्र दिसले तरच त्यास संगणक म्हणावे. झाकणाखालचे जग कोणी दाखविलेच नाही.

खर्चाचा हिशेब आम्ही लवकर आटोपतो, कारण तो लहान मुलासही समजेल. साध्या एसएसडीची किंमत भावाच्या चढउताराप्रमाणे बदलते. २०११ साली थायलंडात महापूर आला व तेथील कारखाने पाण्याखाली गेले तेव्हा हार्ड डिस्कांचे भाव जगभर वाढले होते, तसे पुनःपुन्हा होत राहते. तरी ढोबळ मानाने नव्या संगणकाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास तिचा खर्च येतो. उरलेल्या नऊ हिश्श्यांत भंडाऱ्यातील मध्यम स्थितीच्या घरी मुलीची वर्षाची पुस्तके व नागपूरचे जाणेयेणे निघते.

परंतु पैशापेक्षा दुसरीच एक गोष्ट आम्हांस अधिक टोचते. 'नवा घ्या' म्हणून जे यंत्र गळ्यात मारिले जाते त्यात पुष्कळदा ही दुरुस्ती करण्याची सोयच काढून टाकलेली असते. स्वस्त लॅपटॉपांच्या एका मोठ्या वर्गात, आणि फार महागांच्याही एका वर्गात, साठवणीची चिप मदरबोर्डाला डाग देऊन कायमची बसविलेली असते. तेथे चार स्क्रू नाहीत आणि दोन वायरी नाहीत. साठवण गेली की बोर्ड गेला, बोर्ड गेला की यंत्र गेले. म्हणजे आमचे शास्त्रीबोवा जे आज जुन्या यंत्राविषयी खोटे सांगत आहेत, ते उद्याच्या यंत्राविषयी खरे व्हावे अशी व्यवस्था कारखान्यातच करून ठेविली आहे! २००९ ते २०११ च्या काही आयमॅक यंत्रांत दुसऱ्या जातीची डिस्क बसविली असता उष्णतेची नोंद मिळत नसल्याने पंखे पूर्ण वेगाने गरजू लागत, हे त्या दिशेने पडलेले एक जुने पाऊल होते. या प्रकारास आळा घालावा म्हणून भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकाराविषयी एक समिती नेमली व २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठी संकेतस्थळही उघडले. सरकारने कागदावर दिलेला हा अधिकार ग्राहकाने दुकानाच्या फळीवर सोडून द्यावा, याला काय म्हणावे? शिवाय टाकलेले यंत्र कोठे जाते याचाही विचार हवा. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विजेच्या वस्तूंचा कचरा निघाला आणि त्यातील २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेला. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम अमलात आले. त्यांत जुने यंत्र दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारालाही स्वतंत्र स्थान दिले आहे. लाखनी-मोहाडीच्या भंगारवाल्यास या नियमांची वार्ता कितपत आहे ते वाचकांनी आपल्या डोळ्यांनी पाहावे.

येथवर यंत्राचे झाले. आता मजकुराकडे वळू. कारण या वादात खरे पणाला लागले आहे ते तेथे. डिस्क बाजारात मिळते. डिस्कवर जे होते ते बाजारात मिळत नाही.

मराठी वाचकांस ही गोष्ट इतरांहून अधिक लागू आहे, आणि तिचे कारण लिपीत आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे खरी, पण आमच्या छापखान्यांत, कचेऱ्यांत व लेखकांच्या घरी ती रुळण्यास पुढे वीस वर्षे लागली. मधल्या काळात श्रीलिपि, आयएसएम, आकृती, शिवाजी अशा निरनिराळ्या अक्षरसंचांत मराठी लिहिले गेले. या संचांची युक्ती अशी होती की, रोमन अक्षराच्या जागेवर देवनागरी अक्षराचे चित्र बसवायचे. ज्या यंत्रात तो संच आहे तेथे 'क' दिसतो, जेथे नाही तेथे रोमन अक्षरांचा व खुणांचा कालवा दिसतो. कित्येक प्रणालींना तर यंत्राच्या पाठीमागे 'लॉक' नावाची एक खुंटी लावावी लागे, ती नसेल तर प्रणाली उघडतच नसे. १९९५ ते २०१० या पंधरा वर्षांतील मराठी लेखनाचा फार मोठा भाग, म्हणजे स्मरणिका, प्रबंध, नियतकालिकांचे अंक, घराण्यांच्या वंशावळी, नाटकांच्या संहिता, हा अशा यंत्रांच्या पोटात आहे. तेव्हा 'फाइली पेन ड्राइव्हवर घ्या आणि यंत्र टाका' हा सल्लाही अपुरा आहे. फाइल आली आणि तिचा अक्षरसंच जुन्या यंत्राबरोबर भंगारात गेला, तर तुमच्या हाती आले काय? मोडी वाचणारा निवर्तल्यावर उरलेल्या दप्तरासारखी स्थिती! किंबहुना तिच्याहून वाईट, कारण मोडी निदान शिकता तरी येते.

आमच्या महाविद्यालयातील मराठी विभागाचा संगणक काही वर्षांमागे असाच टक् टक् करून थांबला. त्यात विद्यार्थ्यांनी गावोगाव हिंडून जमविलेले झाडीबोलीचे शब्द होते, म्हाताऱ्या बायांकडून उतरून घेतलेली गाणी होती, दंडारीचे काही पाठ होते, आणि हे सर्व त्या काळच्या अक्षरसंचात टंकलेले. यंत्राच्या देखभालीचा ठेका ज्याच्याकडे होता त्याचा अभिप्राय नेहमीचाच पडला. सुदैवाने आमच्या प्रयोगशाळेतील एका साहाय्यकाने तो मानला नाही. त्याने पहिली गोष्ट केली ती ही की यंत्र पुनःपुन्हा चालू करून पाहण्याचे बंद केले. आजारी डिस्कवर दर प्रयत्नास नवा ओरखडा पडण्याचा संभव असतो. डिस्क काढून दुसऱ्या संगणकास लाविली, आणि 'डीडीरेस्क्यू' नावाच्या मोफत आज्ञावलीने तिची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरविण्यास सुरुवात केली. या आज्ञावलीची रीत समंजस माणसासारखी आहे. जेथे सहज वाचता येते ते आधी घ्यायचे, अडते तेथे हट्ट न करता पुढे जायचे, आणि अडलेल्या जागांकडे शेवटी फिरून यायचे. दोन रात्री व एक दिवस हे काम चालले. थोडी पाने गेली, पण शब्दसंग्रह वाचला. नक्कल जुन्या यंत्रात बसविली तेव्हा त्याच अक्षरसंचात तीच गाणी पूर्ववत दिसू लागली, आणि मग सवडीने ती युनिकोडमध्ये आणिता आली. ते यंत्र भंगारात गेले असते तर ज्या बायांनी ती गाणी सांगितली त्यांतील कित्येक आज हयात नाहीत, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

येथे काही लोक म्हणतील की, अशी वेळ येण्याआधी सूचना मिळतेच, तेव्हा पाहू. मिळतेच असे नाही. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की, ज्या डिस्का गेल्या त्यांतील ५६ टक्क्यांत आगाऊ सूचना देणाऱ्या चार प्रमुख खुणांपैकी एकही उमटली नव्हती. उलट ज्या डिस्कवर तपासणीत पहिला दोष दिसला ती पुढील साठ दिवसांत जाण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट होता. अर्थात खूण दिसली तर त्याच दिवशी नक्कल घ्यावी, आणि न दिसली तरी निर्धास्त राहू नये. त्याच अभ्यासात उन्हाळ्याविषयीच्या आमच्या समजुतीसही धक्का बसतो. उष्णतेचा दोष लोक समजतात तितका नाही, फार वरच्या तपमानातच तो जाणवतो. भंडाऱ्याच्या मे महिन्यात खोलीच पंचेचाळीस अंशांकडे जाऊ लागली व पेटीच्या आत आणखी दहा-पंधरा अंश चढले की त्या 'फार वरच्या' प्रदेशात आपण येतो, ही गोष्ट वेगळी. तरीही मेलेली डिस्क फ्रीजमध्ये ठेवून जिवंत करण्याचा जो तोडगा हुशार मुले एकमेकांस सांगतात त्यास आमची संमती नाही. थंड तबकडीवर बाहेर येताच दव जमते, आणि काही नॅनोमीटरच्या फटीत पाण्याचा थेंब काय करील ते सांगण्यास पदवी नको. यातून निघते ते एवढेच की, वाचविलेल्या नऊ हिश्श्यांतील आणखी एक हिस्सा दुसऱ्या डिस्कवर खर्चावा, तीवर सगळ्याची प्रत असावी, आणि ती प्रत त्याच घरात, त्याच विजेच्या बोर्डास लावून ठेवू नये.

खरेदीच्या वेळी आणखी एक सावधगिरी हवी. २०२५ च्या आरंभी युरोपात असे उघडकीस आले की, हजारो तास वापरलेल्या डिस्कांच्या आतील नोंदी पुसून त्या नव्या म्हणून विकल्या गेल्या. तेव्हा अर्ध्या किमतीत मिळणारी तबकडी घेण्याचा मोह टाळावा. आणि जुनी डिस्क? ती दुकानात सोडून येणारे आमचे बांधव पाहून आम्हांस धडकी भरते. टोक मोडले किंवा खालची पट्टी जळली तरी तबकडीवरची अक्षरे बहुधा शाबूत असतात. जाणत्या हाताला ती वाचता येतात. तीवर आधार कार्डांच्या प्रती, बँकेची पासबुके, मुलींची छायाचित्रे, विद्यार्थ्यांचे गुणपट सर्व असते. घरच्या लोखंडी कपाटाची किल्ली हरवली तर आम्ही कुलूप बदलतो, आणि कपाटच अनोळखी माणसाच्या ओट्यावर ठेवून घरी येतो! जुनी डिस्क घरी आणावी, तिच्यातून जे निघण्याजोगे आहे ते काढावे, आणि मग तबकडीला आरपार भोके पाडावीत.

घरांविषयी एवढे बोलून संस्थांकडे येतो, कारण तेथे हा रोग अधिक जुना आहे. हा जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाने व मालगुजारांनी बांधलेल्या तलावांवर येथील धान पिकत आले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली व तलाव सरकारकडे आले. जमिनीच्या न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण दरसाल पाळीवर माती टाकणे, गाळ काढणे, सांडवा पाहणे हे जे कोणा एकाचे काम होते ते सर्वांचे झाले, म्हणजे कोणाचेच राहिले नाही, आणि कित्येक तलाव गाळाने भरत गेले. कचेऱ्यांतील व महाविद्यालयांतील संगणकांची दशा याहून निराळी नाही. यंत्र विकत घेतले जाते त्याच दिवशी त्याची नोंद 'डेड स्टॉक रजिस्टर'मध्ये होते. जन्मनोंद मृतांच्या वहीत करण्याची ही चाल ज्याने काढली त्यास भविष्य कळत असावे! पुढे डिस्क गेली की यंत्र कोपऱ्यात जाते, कोपऱ्यातून पायऱ्यांखाली जाते, आणि पाच-दहा साचली की निर्लेखनाचा प्रस्ताव निघतो. समिती बसते, 'दुरुस्तीयोग्य नाही' असा शेरा मारिते, तीन सह्या होतात. तिघांपैकी एकानेही झाकण उघडलेले नसते. याच संस्थेत बाजूच्या खोलीत संगणकशास्त्राचे वर्ग चालतात, आणि तेथील विद्यार्थी हार्ड डिस्कची आकृती वहीत काढून तिला पाच गुण मिळवितात.

यावर आमचे काही सहकारी म्हणतात की, ग्रामीण भागातील मुलांनी जुन्यापान्यावरच का शिकावे, नागपूर-पुण्याच्या मुलांप्रमाणे त्यांसही नवी यंत्रे मिळाली पाहिजेत. या युक्तिवादात स्वाभिमानाचा जो अंश आहे त्यास आम्ही नमस्कार करितो. नवी यंत्रे अवश्य मागावीत, आम्हीही मागतो. पण मागितलेले यंत्र येईपर्यंत दोन वर्षे जातात, तोवर पायऱ्यांखालची दहा यंत्रे धूळ खात असतात, आणि वर्गात एका संगणकाभोवती सहा मुली उभ्या असतात. त्यांतील एकीच्या हाती स्क्रू काढण्याचे पान द्या, जुनी तबकडी तिला स्वतः उघडून पाहू द्या, नवी स्वतः बसवू द्या. निर्लेखनाच्या प्रस्तावावर तीन सह्यांच्या वर तीन रकाने आणखी घालावेत: झाकण कोणी उघडले, डिस्क बदलून पाहिली काय, आणि आतील मजकूर कोठे उतरविला. आमच्या महाविद्यालयाच्या समितीपुढे ही सूचना आम्ही लेखी ठेविली आहे. तीवर अद्याप निर्णय झालेला नाही. पायऱ्यांखाली आणखी चार यंत्रे आली आहेत.